पत्रादेवीला उतरताना

बांदा मागे पडलं की हद्द केव्हा ओलांडली ते महामार्गावर कळतसुद्धा नाही. गाडीतली माणसं गोवा आलं म्हणून सावरून बसतात, आणि तेवढ्यात पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक रस्त्याकडेला येऊन निघूनही जातं. मला मात्र तिथं उतरल्याशिवाय पुढं जाववत नाही.

1981 पर्यंत बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग हे सगळं आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. जिल्ह्याच्या या टोकाला भारत संपायचा आणि पोर्तुगीज अंमल सुरू व्हायचा. पलीकडचं पेडणे 1788 पर्यंत सावंतवाडीकरांचंच. देव, सोयरिकी, बोली सगळं दोन्हीकडे सारखं. पण तिकडे लग्नपत्रिका छापायची तरी सरकारची परवानगी लागे.

15 ऑगस्ट 1955 ला गोवा विमोचन सहाय्यक समितीच्या हाकेला ओ देऊन देशभरातले सत्याग्रही इथं आले. श्रावणाचे दिवस, पायांखाली तांबडा चिखल आणि हातात फक्त तिरंगा. समोरून गोळ्या सुटल्या. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढं होत्या, त्या जखमी झाल्या. तेव्हा कर्नैलसिंग बेनिपाल पुढं धावले आणि छातीवर गोळी घेऊन पडले. लुधियाना जिल्ह्यातल्या इसडू गावचा हा शिक्षक, ऐन पंचविशीतला. कोकणचा पाऊस त्यांनी बहुधा त्याच वर्षी पहिल्यांदा पाहिला असेल. इथं ना त्यांचं शेत, ना सोयरं, ना बोली. तरीही पेडण्याच्या माणसाचं पारतंत्र्य त्यांना आपलं वाटलं, आणि माझं मन दर वेळी इथंच अडतं. गोवा आमच्या अंगणापलीकडे होता. तो त्यांचाही आहे हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या दिवशी गोव्याच्या हद्दींवर वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. सैन्य मात्र सहा वर्षांनी निघालं. 18 डिसेंबर 1961 ला दोडामार्गाकडून आत शिरलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची पलटण संध्याकाळपर्यंत मांडवीकाठी बेतीला पोचली. आग्वादच्या किल्ल्यातल्या राजबंद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथंच धारातीर्थी पडले. 19 तारखेला गोवा मुक्त झाला. सिद्धू आणि सेहगल गणवेशात होते, कर्नैलसिंग साध्या कपड्यांत. मी तिघांनाही सैनिकच म्हणतो.

इसडूत दर 15 ऑगस्टला कर्नैलसिंगांच्या स्मरणार्थ मोठा मेळा भरतो. पंजाबातले पुढारी, शेतकरी, शाळकरी मुलं तिथं जमतात. आपल्याकडे तो दिवस जोडून सुट्टीचा, गोव्याला जायचा. जरूर जावं. फक्त बांदा सोडल्यावर गाडी थांबवावी, मुलांना खाली उतरवावं आणि इसडू कुठं आहे ते त्यांना सांगावं.