टपावरची सायकल

गेल्या मे महिन्यात नाशिकहून धुळ्यास जाताना आमची मोटार चांदवडाजवळ बिघडली. एका मालट्रकवाल्याने आम्हांस जागा दिली. तो आमचाच जुना विद्यार्थी निघाला! गणितात तो नापास झाला, तेव्हा "तुझ्या हातून काही व्हावयाचे नाही," असे आम्ही त्यास भर वर्गात म्हटले होते.

केबिनीच्या टपावर गोणपाटात गुंडाळलेली सायकल दोरांनी आवळलेली होती. "ही कशास रे?" आम्ही पृच्छा केली.

"सर, मुंबई ते आग्रा सुमारे १२०० किलोमीटर बैठक! पाय आखडतात. शिवाय एवढी गाडी गल्लीबोळांत शिरत नाही. माल उतरेपर्यंत सायकलीवर औषध आणतो, रविवारी मंदिर गाठतो. मागे बांधली तर दिवा व नंबराची पाटी झाकते, म्हणून वर."

१९६१ च्या कायद्याने मोटारकामगारास दिवसाचे ८ तास नेमून दिले, एवढे आम्ही त्यास शिकविले होते; आखडलेल्या पायांचा उपाय मात्र त्याने स्वतःच शोधिला.

उतरताना आम्ही त्या जुन्या शब्दांबद्दल त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "सर, डिझेलाचा हिशेब रोज करतो. अजून चुकला नाही."

मुलांनो, प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना आमची लेखणी आता क्षणभर थबकते.