बोलती पेटी

शनिवारीं खुलताबादेस भद्रा मारुतीच्या दर्शनास जाणारा मनुष्य बहुधा परगांवचा असतो. श्रावणांत तर छत्रपति संभाजीनगराहून रातोरात पायीं येणाऱ्यांची रीघ लागते. निद्रिस्त मारुतीस वाहावयाचा रुईच्या पानांचा हार, नारळ व पेढे हा येथील बाजाराचा गाभा. त्यास जोड वेरूळचीं लेणीं पाहून परतणाऱ्या प्रवाशांची आणि दर्ग्यांच्या उरुसास येणाऱ्या यात्रेकरूंची. अशा गांवीं दुकानदारापुढें एक जुनाच प्रश्न नित्य उभा असतो: ज्याचें तोंड आज प्रथम पाहिलें व उद्यां दिसणार नाहीं, त्याचें नाणें खरें कशावरून?

या टापूस ह्या प्रश्नाचा अनुभव मोठा आहे. घाट उतरलें कीं दौलताबाद लागतें. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें आपली राजधानी तेथें हलविली, आणि पुढें थोड्याच वर्षांत सोन्यारुप्याच्या मोलानें चालावींत अशीं तांब्यापितळेचीं नाणीं काढलीं. ही कल्पना मूर्खपणाची मुळींच नव्हती. आपण सारे आज तिच्यावरच पोट भरतों. चुकलें तें इतकेंच कीं, खरें नाणें खोट्यापासून निवडण्याची सोय बाजारांतील माणसाच्या हातीं दिली नाहीं. घरोघर टांकसाळी निघाल्या असें इतिहासकार बरनी सांगतो. अखेर खजिन्यांतून खरें चलन देऊन तीं नाणीं परत घ्यावीं लागलीं. हैदराबादच्या निजामाच्या अमदानींत येथें हाली शिक्का चाले, आणि इंग्रजी मुलखांतील यात्रेकरू कलदार रुपये घेऊन येई. शंभर कलदारांस सुमारें ११६ हाली हा भाव. मधला बट्टा सराफाचा.

असें असतां २०१६ सालीं निघालेल्या यूपीआय पद्धतीनें येथें झपाट्यानें घर केलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. १ जानेवारी २०२० पासून, बँकेच्या खात्यांतून थेट आलेल्या रकमेवर दुकानदारास बट्टा पडत नाहीं; सुट्या पैशांची कटकटही टळली. परंतु तुघलकाच्या वेळची अडचण नव्या वेषांत पुन्हां आली. हारांच्या टोपलीशेजारीं टांगलेलें काळ्यापांढऱ्या चौकटींचें क्यूआर चिन्ह १९९४ सालीं जपानांत मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठीं निर्माण झालें. नुसत्या डोळ्यांनीं तें कोणासच वाचतां येत नाहीं. त्यावर भामट्यानें आपलें चिन्ह चिकटविलें तरी मालकास पत्ता नसतो. गिऱ्हाईक ‘पैसे गेले’ म्हणून मोबाइल पुढें करतें. तें चित्र आजचें कीं कालचें, हें गर्दींत कोण पाहणार?

यावर उपाय निघाला तो बोलत्या पेटीचा. ही भाड्यानें मिळते, आणि रक्कम खात्यांत जमा झाली म्हणजे मोठ्यानें मराठींत तसें सांगते. रुईचे हार विकणारी एक म्हातारी तिच्याकडे बोट दाखवून आम्हांस म्हणाली, “लिहिलेलं मला कळत न्हाई भाऊ, बोललेलं कळतं.” आमच्या मतें या सबंध व्यवस्थेंत सर्वांत थोर शोध हाच. खरेंखोटें निवडण्याचें साधन त्यामुळें प्रथमच निरक्षर मनुष्याच्या हातीं आलें. (श्रावणांतल्या गर्दींत पेटी अंमळ मागाहून बोलते, आणि तोंवर गिऱ्हाईक व म्हातारी दोघेंही तिच्या तोंडाकडे पाहत उभीं राहतात, ही गोष्ट वेगळी.)

येथवर परक्याचा व्यवहार झाला. देवळाचा रस्ता सोडून गल्लींत शिरलें म्हणजे निराळा बाजार लागतो. तेथील किराणा दुकानदार आमच्या परिचयाचा आहे. त्याचीं गिऱ्हाइकें आसपासचे मजूर व लहान शेतकरी. कापूस, मका किंवा अद्रक विकली गेली म्हणजे पैसे येणार, तोंवर सारें वहीवर. उधारीची वही मोबाइलमध्यें ठेवण्याचीं साधनेंही आतां निघालीं आहेत, आणि मुलाच्या आग्रहास्तव त्यानें तें करून पाहिलें. साधन मोठें तत्पर; बाकीचा तगादा ऋणकोस आपोआप धाडी. एके दिवशीं असा तगादा ज्या घरीं पोंचला, तेथें आदल्याच रात्रीं मर्तिक झालें होतें. दुकानदार स्वतः खांदा देण्यास गेला होता. त्यानें पुन्हां लाल वही काढली.

पण गोष्ट येथें मिटत नाहीं. दुकान वाढविण्यासाठीं त्यास कर्ज हवें होतें. हल्लीं लहान व्यापाऱ्यास कर्ज देणारे त्याच्या खात्यांत मोबाइलवरून रोज किती जमा होतें हें पाहतात. घरदार गहाण न टाकतां कर्ज मिळतें, हें चांगलेंच. परंतु पेढेवाल्याची विक्री सारी परक्यांस, म्हणून ती सारी दिसते. आमच्या मित्राची मोठी विक्री वहींत, म्हणून ती दिसत नाहीं. जो अधिक विश्वास टाकतो तो या हिशेबांत अधिक दरिद्री ठरतो. त्यास देऊं केलेली रक्कम पेढेवाल्याच्या निम्मीही नव्हती. पेढेवाल्यासही सुख नाहींच: त्याचा हप्ता रोजचा, धंदा मात्र शनिवारचा.

दिसण्यालाही किंमत पडते. जुलै २०२५ मध्यें कर्नाटकांत यूपीआयच्या जमेवरून लहान व्यापाऱ्यांस करखात्याच्या नोटिसा गेल्या, तेव्हां बंगळूरच्या दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. कर चुकविण्याचा कैवार आम्ही घेत नाहीं. पण जी नोंद सरकारास नोटीस काढण्यास पुरते आणि दुकानदारास पुरेसें कर्ज देण्यास पुरत नाहीं, ती अपुरी आहे असें म्हणणें प्राप्त आहे. उधारीची फेड मोबाइलवर घेऊन, ती कोणत्या महिन्याच्या मालाची हें सोबत नोंदविलें, आणि कर्ज देणाऱ्यानें सुगीचें चक्र ध्यानांत धरून हप्ता बांधला, तर यांतील पुष्कळ अन्याय टळेल. यंत्रास हें अशक्य नाहीं. मात्र यंत्र बनविणाऱ्यानें गल्लींत आलें पाहिजे.

दिवाळीच्या पाडव्यापासून उधारी बंदच करावी काय, असें आमच्या मित्रानें परवां आम्हांस विचारलें. किती घरांचें बंद होईल, असें आम्ही उलट विचारलें. त्यानें वही उघडून मोजावयास प्रारंभ केला. इतक्यांत एक मुलगी गूळ मागावयास आली. त्यानें गूळ तोलून दिला, आणि मोजणी राहिली ती तशीच राहिली.