अकलूजचा कोट आणि मुंबईचा मनोरा

सोलापूर जिल्ह्यांत नीरा नदीच्या कांठीं अकलूजचा भुईकोट किल्ला आहे. त्याच्या तटावरून फिरतांना, आजच्या काळचे किल्ले कोणते, असा प्रश्न सहज मनांत येतो. मुंबईस नरिमन पॉइंटला गेलों तेव्हां त्याचें उत्तर आम्हांस मिळालें. मोठमोठ्या कंपन्यांचीं मुख्य कार्यालयें, हेच ते किल्ले!

तेथील एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ सालीं पुरी झाली. तिचा आराखडा अमेरिकन स्थापत्यविशारद जॉन बर्गी यांचा. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर ती उभी आहे. अशा ठिकाणीं भरावाच्या मातीवर विसंबून चालत नाहीं. एवढा भार खालच्या कठीण थरापर्यंत पोंचवावा लागतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ती उंची. खरें काम मात्र दृष्टीआड झालेलें असतें.

१२ मार्च १९९३ रोजीं इमारतीपाशीं बाँबस्फोट होऊन माणसें दगावलीं. इमारत मात्र टिकली. २०१३ सालीं कंपनीचें मुख्य कार्यालय दिल्लीस गेलें, आणि २०२४ सालीं ही वास्तु १६०१ कोटी रुपयांस महाराष्ट्र शासनाला देण्यास केंद्र सरकारची संमति मिळाली.

अकलूजच्या कोटाचेही धनी असेच बदलले. आज तेथें शिवसृष्टि आहे. शिवचरित्रांतील प्रसंग मूर्तिरूपानें पाहावयास मुलेंबाळें येतात. धनी जातो, वास्तु मागें राहते. म्हणून, वाचकहो, दर्शनी भाग आपल्या हौसेपुरता असावा. पाया मात्र पुढच्या धन्यासाठीं खोल घ्यावा.