आभाळातली आवक

भर जुलैत वसईतल्या एव्हरशाईन सिटीवरच्या हवेत, जमिनीपासून थेट वरपर्यंत, जेवढं बाष्प असतं ते सगळं एकदम खाली उतरलं तर साधारण 60 मिलिमीटर पाणी होईल. घोटाही बुडणार नाही. इथून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर सांताक्रूझला 26 जुलै 2005 च्या पावसात चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. भागाकार करून पाहा. तिथलं आभाळ पंधरा-सोळा वेळा रितं होऊन पुन्हा भरलं असणार. मी हवामानाच्या मॉडेलवर बसतो तो हे भरणं समजून घ्यायला. ढग सगळ्यांना दिसतो. त्याला मागून होणारा पुरवठा दिसत नाही, आणि पाऊस किती पडणार हे बरंचसं त्या पुरवठ्यावर ठरतं.

पद्धत सांगायला सोपी आहे. नकाशावर एक चौकट आखायची. वाऱ्यासोबत आत किती बाष्प आलं, बाहेर किती गेलं, खालच्या समुद्रातून आणि जमिनीतून किती वर चढलं, हवेत किती साठून राहिलं, हे मांडायचं. उरेल तो पाऊस. करायला बसलं की मात्र हिशेब जुळत नाही. जुन्या नोंदी आणि मॉडेल एकत्र करून जी माहिती तयार होते, तिच्यात दर काही तासांनी प्रत्यक्ष मोजमापांकडे वळवण्यासाठी दुरुस्त्या केलेल्या असतात. त्यातून कुठे पाणी आपोआप वाढतं, कुठे नाहीसं होतं. म्हणून रंगीत नकाशा समोर आला की मी आधी ती तफावत काढतो. पावसाच्या आकड्याइतकीच ती मोठी असेल, तर नकाशा कितीही देखणा असो, मी तो बाजूला ठेवतो.

हा हिशेब आपल्याकडे संगणक हाताशी येण्याआधीपासून चालत आला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी 1965 साली मांडलं, की मान्सूनच्या पाण्याचा मोठा वाटा अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून येतो. के. आर. साहा आणि एस. एन. बावडेकर यांनी 1973 मध्ये तोच ताळेबंद पुन्हा मांडला, तेव्हा विषुववृत्त ओलांडून दक्षिण गोलार्धातून येणारी आवक बाष्पीभवनाहून जास्त निघाली. मोजक्या नोंदींवर एवढा मोठा प्रश्न धसाला लावणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर आहे. सोमालियाच्या किनाऱ्यालगत दीडेक किलोमीटर उंचीवर धावणारा वारा हे पाणी अरबी समुद्रावरून आपल्याकडे आणतो. ताशी 54 किलोमीटर वेग धरला, तर आज वसईवर असलेली हवा काल तेराशे किलोमीटर दूर होती.

अडचण येते शेवटच्या टप्प्यात. 2005 च्या त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 74 मिलिमीटर पाऊस होता. अशा जगभर वापरल्या जाणाऱ्या एका माहितीसंचाचा एक चौकोन 31 किलोमीटरचा असतो. सांताक्रूझ आणि कुलाबा त्या एकाच चौकोनात मावू शकतात, आणि मग येणारी सरासरी दोघांनाही लागू पडत नाही. आमच्याकडे तर पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, मध्ये मिठागरं आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, इतकं सगळं थोड्या अंतरात दाटलं आहे. मोठ्या चौकोनात तो डोंगर सपाट होतो. मे 2025 पासून वापरात आलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या चौकोनावर चालते. ही फार मोठी मजल आहे, तरी पावसाळी ढगाचा गाभा बरेचदा त्याहूनही लहान असतो.

हवामान बदलतंय, म्हणजे या हिशेबात नेमकं काय बदलतंय? हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पण एवढ्यावर थांबणारं उत्तर मला अर्धवट वाटतं. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याही मोसमाचा एकूण पाऊस घटत असताना. त्यांनी बोट ठेवलं ते अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या वाढत्या चढउतारांवर. म्हणजे गोदाम मोठं होतंय हे खरं, पण मालही आता झुंडीने येतोय. पुढच्या दशकांचं मॉडेल करताना नुसतं तापमान वाढवून भागत नाही. वारा चुकला, तर पाऊस चुकतोच.

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, लोकल थांबल्या, वसईच्या मिठागर वस्तीत माणसं अडकली. तो पाऊस मॉडेलमध्ये पुन्हा उभा करायचा तर पडताळायला जमिनीवरच्या नोंदी हव्यात, आणि त्या दाट हव्यात. हवामान विभागाच्या जुन्या वेधशाळा दक्षिणेला सांताक्रूझ आणि उत्तरेला डहाणू. महसूल मंडळांची पर्जन्यमापक यंत्रं मधे आहेत, पण एका सरीला तेवढं अंतरही फार होतं.

म्हणून शेजाऱ्यांना आणि तुम्हालाही विनंती आहे. सोसायटीत एक साधा पर्जन्यमापक बसवा. गच्चीवर वाऱ्यामुळे पाणी कमी सापडतं, त्यामुळे भिंती आणि झाडांपासून दूर, खालची मोकळी जागा बघा. रोज सकाळी साडेआठला वाचून वहीत तारखेसह लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, जागा रिकामी सोडू नका.