भरदुपारचा मृग

‘मृग निघाला’ हे शब्द ऐकतच खेड्यातले मूल मोठे होते. 7-8 जूनला मृग लागतो, पेरणीची घाई सुरू होते, ओल्या मातीवर लाल मखमली किडे फिरू लागतात. पण त्या दिवसांत रात्रभर जागले तरी आकाशात मृग सापडत नाही. चार पाय, पोटात बाण, मागावर व्याध असे हे ठळक नक्षत्र तेव्हा सूर्याच्या सोबतीने उगवते आणि त्याच्या सोबतीनेच मावळते. सूर्य मृगात असतो तोच शेतकऱ्याचा मृग, आणि तो डोळ्यांना दिसणे शक्यच नसते.

मी शाळांसाठी व्हीआरचे, म्हणजे आभासी वास्तवाचे, विज्ञानपाठ तयार करते. या तंत्राचे खरे काम मला इथेच दिसते. तयार मिळणारे पुष्कळसे पाठ मुलांना मंगळावर नेतात, डायनोसॉरच्या रानात सोडतात. मुले हरखतात, हेडसेट उतरवला की ते जग तिथेच राहते. माझ्या पाठात मूल स्वतःच्याच गावच्या माळावर उभे असते. 8 जून, दुपारचे साडेबारा. मान वर केली की सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला कललेला. (सावली दक्षिणेला पडलेली पाहून मुलेच नव्हे, शिक्षकही चमकतात.) आता वातावरण काढून टाकायचे. सूर्यप्रकाश विखुरणारी हवाच नाही म्हटल्यावर निळे आकाश काळे पडते आणि भरदुपारी तारे उमटतात: सूर्याच्या पश्चिमेला रोहिणी, दक्षिणेला मृग, आग्नेयेला व्याध.

मग दिवस भराभर पुढे सरकवायचे. सत्तावीस नक्षत्रांतून सूर्य वर्षभरात फिरतो, म्हणजे एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस. आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आणि सप्टेंबरअखेरीस हस्त, ज्याच्यासाठी मुली हत्ती मांडून हादगा खेळतात. आजीच्या तोंडची नावे अशी ओळीने सूर्यामागे उभी राहिली की पृथ्वीची वार्षिक गती वेगळी शिकवावी लागत नाही. शेतकऱ्याने तिथी सोडून सूर्यनक्षत्र का धरले, हेही कळते. चांद्रमास अधिकमासामुळे मागेपुढे होतात. सूर्यनक्षत्राची तारीख जवळपास स्थिर राहते.

जवळपास म्हणायचे कारण, पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे सुमारे 72 वर्षांत ती एक दिवस पुढे जाते. आजच्या कॅलेंडरने मोजले तर शिवकाळात मृग 2-3 जूनलाच लागत होता.

इथे शिक्षकाने सावध राहायला हवे. हेडसेटमधले दृश्य इतके पटते की मुलाला सगळेच खरे वाटू लागते. पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी येतो, मृगाने नव्हे. नक्षत्र फक्त वेळ सांगते. पंचांगात छापलेले बेडूक, म्हैस, कोल्हा या वाहनांवरून पावसाचा अंदाज बांधण्याला कोणताही आधार नाही. परंपरेतले निरीक्षण आणि परंपरेतली समजूत यांतला फरक वर्गात स्पष्ट सांगितला नाही, तर संस्कृतीच्या नावाखाली आपण विज्ञानाचे नुकसान करू.

परंपरेतले आकाशज्ञान व्हीआरमधून शिकवण्याचे काम हवाई बेटांवर झालेले आहे. ‘होकुलेआ’ ही होडी 1976 मध्ये कोणत्याही उपकरणाविना, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधाराने ताहितीला पोहोचली. तिथल्या विद्यापीठाने पुढे ‘किलो होकू’ या व्हीआर पाठात विद्यार्थ्यांना त्याच होडीवर उभे करून ताऱ्यांवरून दिशा ओळखायला शिकवले. आपल्याकडे तंत्रज्ञ आहेत, शेतकऱ्यांचे ज्ञानही आहे. दोघांना एका टेबलाशी बसवणारी शाळा हवी.

तोवर वाचकांना एक विनंती. येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या रात्री, मुलांना गच्चीवर न्या. चंद्र मृगाच्या आसपास असेल. सहा महिन्यांनी तिथेच सूर्य असणार आहे, एवढे त्यांना सांगा. त्याला हेडसेट लागत नाही, आणि जूनमधला पाठ ज्या मुलांनी हे आधी पाहिले आहे त्यांनाच नीट समजतो.