द्रावेच्या काठाने उतरताना

महाबळेश्वरापेक्षा थोडे कमी, सुमारे 1200 मीटर उंचीवरचे एक गाव डोळ्यांसमोर आणा. गावाचे नाव टोब्लाख. देश इटली, परंतु गावात बोलली जाते ती मुख्यतः जर्मन, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. म्हणूनच स्थानकाच्या पाटीवर टोब्लाख आणि डोब्बियाको अशी दोन नावे आहेत. दक्षिणेस डोलोमाइटचे करडे, उभे कडे आणि गावाभोवती हिरवी कुरणे. ही कुरणे डोळ्यांना सपाट दिसतात, तरीही पाणी येथून दोन वाटांनी जाते. पश्चिमेकडे वळलेले पाणी अखेर एड्रियाटिक समुद्रास मिळते. पूर्वेकडे वळलेले द्रावा नदीचे होते, डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात पोहोचते. आमच्या सेलूची दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते, तसाच हा प्रवास.

उगमाजवळ द्रावा शेतातल्या पाटाएवढीच आहे. तिच्या काठाने निघणारा सायकलमार्ग इटली, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया अशा चार देशांतून सुमारे 500 किलोमीटर जातो. घाबरू नका, तुम्हाला तेवढे अंतर नेण्याचा माझा विचार नाही. पहिला टप्पा टोब्लाख ते लीन्त्स एवढाच आपण पाहू. (लिंझ हे ऑस्ट्रियातील मोठे शहर वेगळे, तिकीट काढताना आमचीही गफलत होता होता राहिली.) हे अंतर साधारण 45 किलोमीटर, आणि लीन्त्स आहे सुमारे 670 मीटरवर. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी बारा मीटर उतार. पायडल हलकेच मारावे आणि नदीसोबत खाली यावे.

2023 च्या सप्टेंबरात आम्ही उभयता म्युनिकहून रेल्वेने ब्रेनर खिंड ओलांडून येथे आलो. सायकली भाड्याने मिळतात आणि लीन्त्सला परत करता येतात. उतारवयातील माणसांना विजेवर चालणारी सायकल घ्यावीशी वाटेल. तिची मोटर 250 वॅटची असते आणि ताशी 25 किलोमीटरनंतर साहाय्य थांबते. परंतु तिचे वजन वीस-पंचवीस किलो असते, हे विसरू नये. अशा सायकलीवरून ज्येष्ठ माणूस केवळ वेगात नव्हे, तर चढता-उतरतानाही पडतो. म्हणून दांडी नसलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो तशी घ्यावी. सीटची उंची अशी ठेवावी की पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. गुडघ्यांची निम्मी तक्रार एवढ्यानेच टळते.

निघण्यापूर्वी टोब्लाखच्या एका जुन्या पाहुण्याची ओळख करून देतो. गुस्टाव माहलर हा थोर संगीतकार 1908 ते 1910 असे तीन उन्हाळे या गावाजवळ राहिला आणि एका छोट्या लाकडी खोलीत बसून त्याने आपल्या अखेरच्या रचना लिहिल्या. तो डोंगर चढणारा, पोहणारा, सायकल चालवणारा माणूस होता. 1907 साली त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष आढळला आणि डॉक्टरांनी हे सारे बंद केले. पुढे तो पावले मोजण्याचे यंत्र बाळगून, नाडी मोजत मोजत फिरे, असे त्याच्या पत्नीने लिहून ठेवले आहे. 1911 च्या मे महिन्यात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला, तो त्या झडपेवर झालेल्या जंतुसंसर्गाने. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. त्या काळच्या ज्ञानानुसार डॉक्टरांनी सल्ला दिला, त्यांना दोष देता येणार नाही. पण तो डोंगर चढल्याने मेला नाही, एवढे खरे.

वाट सुरू होते ती कुरणांतून. पाच किलोमीटरवर इनिखेन हे टुमदार गाव लागते; तेथील जुने दगडी चर्च थांबून पाहावे. पुढे देवदारासारख्या झाडांची राई, लाकडी पूल, वाळत घातलेल्या गवताचा वास. इटली संपून ऑस्ट्रिया लागतो तो एका पाटीने. पुढे मार्गाच्या फलकांवर आर 1 असे लिहिलेले दिसते. सिलियानजवळ टेकडीवर हाइनफेल्सचा किल्ला दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी वेफर बिस्किटांचा प्रसिद्ध कारखाना. मधुमेही वाचकांनी येथे संयम बाळगावा, असे लिहिणार होतो. परंतु माझ्याच पत्नीने मला तेथे दोनदा रांगेत पाहिले आहे.

या मार्गाचा मोठा गुण निसर्ग नव्हे. तो आहे नदीच्या जोडीने धावणारा लोहमार्ग. दर काही किलोमीटरवर छोटे स्थानक येते: सिलियान, आबफाल्टर्सबाख, ताल. थकलात, पाऊस आला, छातीत अस्वस्थ वाटले, तर सायकल घेऊन गाडीत बसावे आणि लीन्त्स गाठावे. सुटण्याची वाट माहीत असली की माणूस निर्धास्तपणे निघतो. मी या मार्गावर पिकल्या केसांची इतकी माणसे सायकलीवर पाहिली, त्याचे रहस्य मला तरी हेच वाटले.

सिलियानच्या बाकावर एक इटालियन दांपत्य भेटले. गृहस्थ 79 वर्षांचे, दोन्ही गुडघे बदललेले. थर्मासमधली कॉफी त्यांनी आम्हाला दिली आणि मी डॉक्टर आहे हे कळताच विचारले, ‘तुमचे वडील सायकल चालवतात का?’ मी म्हणालो, ते आता नाहीत. पुढचे काही त्यांना सांगितले नाही. तुम्हाला सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, सेलूत एका जिनिंगमध्ये मुनीम होते. निवृत्तीनंतरही त्यांची काळी चोवीस इंची सायकल सुटली नाही. रोज पहाटे ते दुधनेच्या काठापर्यंत जाऊन येत. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका सकाळी वळणावर ते पडले. कोपर खरचटले, बाकी काही नाही. मी त्याच संध्याकाळी सायकलला कुलूप घातले आणि महिन्याभराने ती भंगारात दिली. दादा काही बोलले नाहीत. ते खुर्चीत बसू लागले. वर्षभरात मांड्या बारीक झाल्या, उठताना आधार लागू लागला. दुसऱ्या हिवाळ्यात पहाटे न्हाणीघराकडे जाताना ते कोसळले आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

ते सायकलवरून का पडले, हे मी कधी विचारलेच नाही. पडण्याच्या तीन आठवडे आधी मीच त्यांना प्रोस्टेटसाठी रात्रीची गोळी सुरू केली होती. या प्रकारच्या काही गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब उतरतो, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते. दादांचा रक्तदाब मी नियमित पाहत असे, परंतु बसवून. उभे करून एकदाही पाहिला नाही. सायकल गेली, गोळी तशीच चालू राहिली.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या वाचकांना विनंती आहे. आजोबा वा आजी पडल्या तर सायकल काढून घेण्यापूर्वी कारण शोधा. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्या. मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर औषधांची सगळी यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. मनाने गोळी मात्र बंद करू नका. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, कानाचा तोल, तळपायांची बधिरता हेही तपासून घ्या. श्रमाने छातीत दुखणे, वारंवार चक्कर वा शुद्ध हरपणे, आटोक्यात नसलेली फिट, गेलेला तोल यांपैकी काही असेल तर दोन चाकांचा नाद सोडावा, हे मी आजही निक्षून सांगतो.

पुन्हा वाटेवर येऊ. लीन्त्सच्या आधी दरी अरुंद होते आणि उतार थोडा वाढतो. येथे दोन्ही ब्रेक एकत्र, हलके आणि वेळेआधी दाबावेत. उतारावर पायांना विश्रांती मिळते, हातांना नव्हे. ज्यांच्या बोटांना मधुमेहाने मुंग्या येतात त्यांनी मधूनमधून थांबून हात झटकावेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर श्रमाने उतरते, कधी कधी त्या रात्रीसुद्धा. ग्लुकोजची पुडी खिशात हवी, सायकलच्या पिशवीत नव्हे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर हेल्मेट हवेच, आणि डोक्याला किरकोळ मार लागला तरी रुग्णालय गाठावे. श्रम किती करावेत याचे माप सोपे आहे: चालवताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना नाडीचे आकडे फसवतात, बोलणे फसवत नाही. सकाळचा वारा बोचरा असतो. छातीवर विंडचीटर असावे. आणि औषधे विमानात हातातल्या सामानात, चिठ्ठीसह ठेवावीत.

लीन्त्सला द्रावेला इजेल नदी मिळते. हिमनद्यांचे पाणी घेऊन आलेली इजेल येथे द्रावेपेक्षा मोठी आहे, तरी पुढे नाव चालते द्रावेचेच. त्या संगमाजवळ बसून आम्ही डबा उघडला. आम्हाला लागले पाच तास, थांबे धरून.

सेलूला परतल्यावर काही महिन्यांनी एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आला. वय 71. ‘डॉक्टरसाहेब, दोनदा पडलेत. यांना सायकल बंद करायला तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाहीत.’ काका मान खाली घालून बसले होते. मी त्यांना टेबलावर झोपवले, पाच मिनिटांनी रक्तदाब घेतला, उभे केले, पुन्हा घेतला. फरक नव्हता. मग विजेरी घेऊन डोळे पाहिले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता, आणि दोन्ही वेळा ते उजवीकडेच पडले होते. शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा आला. आता उन्हाळ्यात ते सूर्य वर येण्याआधी घरी परततात, खिशात मोबाइल ठेवतात आणि मुख्य रस्त्यावर जात नाहीत; या तीन अटी मुलाने घातल्या आहेत.

परवा ते तपासणीला आले. सायकल त्यांनी दवाखान्यासमोर स्टँडवर लावली. मुलगा मागून स्कूटरवर आला.