डहाणूच्या पुढे

चर्चगेटहून सुटलेली लोकल सव्वाशे किलोमीटर धावून डहाणू रोडला पोचते आणि तिथेच अंग टाकते. रूळ मात्र पुढे जातात. घोलवड येते, बोर्डी रोड येते, आणि त्यानंतरचे उंबरगाव रोड हे स्टेशन गुजरातेत लागते. मला जायचे होते वेवजीला. वेवजी महाराष्ट्रात, तलासरी तालुक्यात. पण आगगाडीने जायचे तर परराज्यात उतरून मागे वळावे लागते! १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याची वाटणी झाली. भावाभावांच्या वाटणीत आड एकाकडे आणि रहाट दुसऱ्याकडे जावा, तसे स्टेशन तिकडे गेले आणि वेवजी इकडे राहिले.

माझा एक जुना विद्यार्थी त्या बाजूला शिक्षक आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी हा मुलूख पाहिला. "सर, हा गुजरात," "सर, आता महाराष्ट्र," असे तो सारखे सांगत होता. मला दोन्हीकडे तेच ताड आणि तीच कुडाची घरे दिसत होती. अखेर मराठीच्या मास्तराला शोभेल अशी खूण मी शोधून काढली: पाटीवरच्या अक्षरांना शिरोरेखा असली की महाराष्ट्र!

कापणी झालेल्या एका खाचरात पोरे क्रिकेट खेळत होती. त्यांत बारा-तेरा वर्षांचा एक काटकुळा मुलगा असा काही चेंडू टाकत होता, की मोठी पोरेही बिचकत. त्याचे वडील बांधावर उभे होते. माझी ओळख होताच त्यांनी विचारले, "सर, तुम्ही बोरिवलीचे ना? याला तिकडं पाठवावं का?"

या रेल्वेलाइनीवर असा प्रश्न निघाला की पाठोपाठ शार्दूल ठाकूरचे नाव निघतेच. पालघरजवळच्या माहीमच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. त्याचे कर्तृत्व वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. २०१८ साली हैदराबादला पहिली कसोटी मिळाली, तर दहा चेंडू टाकून दुखापतीने बाहेर! दुसरा एखादा तिथेच संपला असता. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला त्याने ६७ धावा केल्या, सामन्यात ७ बळी घेतले, आणि १९८८ पासून त्या मैदानावर एकही कसोटी न हरलेले ऑस्ट्रेलिया हरले. पुढल्याच वर्षी जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत ७ बळी. तरीही २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतले नाही. काही महिन्यांनी एकाच्या दुखापतीमुळे लखनौचे बोलावणे आले. खेळ हाच धंदा केला की पेठेतल्या मालासारखे हे भावही सोसावे लागतात.

पण त्या बापाला मी सांगितली ती ब्रिस्बेनची गोष्ट नव्हे. शार्दूल तारापूरच्या शाळेकडून खेळत होता, तेव्हा बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरले. रोहित शर्माला घडवणारे तेच हे लाड. मुलगा आमच्या शाळेत द्या, म्हणाले. आईवडील कचरले. दहावी तोंडावर आलेली, लोकल तेव्हा विरारलाच संपे, आणि रोज एवढा प्रवास करून पोराने शिकायचे कधी अन् खेळायचे कधी? मग लाडांनी घरी पत्नीला विचारले आणि मुलाला स्वतःच्याच घरी ठेवून घेतले. माझ्या मते त्याची कारकीर्द ठरली ती तिथे, एका बिऱ्हाडात जेवायला एक पान वाढले तेव्हा.

लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ साली. वेवजीच्या मुलाला तरीही आधी गुजरातेत जाऊन गाडी गाठायची, मग डहाणूला लोकल धरायची, मग दोनेक तास बोरिवली. सकाळच्या सरावाला वेळेवर पोचायचे तर निघायचे कधी? बाप बोटांवर तास मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने हळूच विचारले, "मग सर, ते लाडसाहेब अजून पोरं ठेवून घेतात का?"

मी खिशातून पेन काढले. आमच्या दोन खोल्या, त्यांत आम्ही चौघे, आणि मोठीची यंदा बारावी. विद्यार्थ्याच्या वहीतले पान फाडून त्यावर आमचा पत्ता लिहिला, आणि खाली एवढेच: "मे महिन्याच्या सुटीत पंधरा दिवस पाठवा."

घरी अजून विचारायचे होते.